तळटीप आठवते म्हणून वाचन थांबवू का?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक बाई निवृत्त आहेत. नोकरी आकडेमोडीची होती; कला, इतिहास आणि धर्म यांची ओढ मनातच राहून गेली होती. आता वेळ मिळाल्यावर त्या या विषयांवरची नवी संशोधनपर पुस्तकं ग्रंथालयातून आणून वाचतात. त्यांच्या अडचणी तीन. पहिली म्हणजे पुस्तकं अर्ध्यावर सुटतात. पहिलं प्रकरणच डोक्यावरून जातं, 'आपली तेवढी कुवत नाही' असं वाटतं आणि पुस्तक परत जातं. दुसरी, पुस्तकं एकमेकांशी भांडतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या एका चित्रात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी इराणच्या वकिलाला भेटतो आहे, असं त्या लहानपणापासून वाचत आल्या. नव्या पुस्तकात ते साफ नाकारलेलं. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

तिसरी अडचण घरातली. थोरल्या जाऊबाई नातवंडांना गोष्ट सांगत होत्या : व्यास सांगत गेले आणि गणपतीने महाभारत लिहून घेतलं. बाई मध्येच म्हणाल्या, "ही गोष्ट मूळ महाभारतात नाहीच. नंतर कोणीतरी घुसडली आहे." जाऊबाई गप्प झाल्या त्या अजून धड बोलत नाहीत. पुतण्याचं म्हणणं, "काकू, या सगळ्या अभ्यासकांचा काही ना काही अजेंडा असतो." आणि बाईंना खरं लागलेलं पत्राच्या शेवटी येतं : 'हल्ली देवापुढे हात जोडले की मध्येच एखादी तळटीप आठवते. हे वाचन थांबवू का? की जुन्या, भरवशाच्या लेखकांपुरतंच ठेवू?'

नमस्कार.

तुमच्या तिन्ही अडचणींच्या मुळाशी मला एकच समजूत दिसते. संशोधनपर पुस्तक म्हणजे कोर्टाचा निकाल, असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून निकालपत्र कळलं नाही की कमीपणा तुमचा. दोन निकाल वेगळे आले की कोर्टावरचाच विश्वास उडतो. आणि निकाल हातात पडला की तो घरात वाचून दाखवावासा वाटतो. पण असं पुस्तक हा निकाल नसतो, एका वकिलाचा युक्तिवाद असतो. चांगला वकील असेल तर त्याने पुरावे सोबत जोडलेले असतात आणि समोरच्याचं म्हणणंही नोंदवलेलं असतं. तोलण्याचं काम वाचणाऱ्याकडे राहतं, म्हणजे तुमच्याकडे.

आधी अजिंठ्याचं बघू, कारण तिथे हे फार स्वच्छ दिसतं.

त्या चित्रात पुलकेशी आला कुठून? चित्रात उंच टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी लोक एका राजाला नजराणा देताना दिसतात. अल्-तबरी या इतिहासकाराने इराणचा बादशहा दुसरा खुस्रो आणि एक भारतीय राजा यांच्यातल्या संपर्काचा उल्लेख केला आहे. तो राजा म्हणजे पुलकेशी, असं मानलं गेलं. पुलकेशीची कारकीर्द साधारण इ. स. ६१० ते ६४२. आणि लेणं सातव्या शतकातलं असावं, असा एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांचा अंदाज होता. तिन्ही धागे एकत्र आले, जेम्स फर्ग्युसन यांनी ही ओळख मांडली आणि पुढे ती पाठ्यपुस्तकांत शिरली. त्यांनी लबाडी केली नव्हती. हाताशी जेवढं होतं, त्यातून निघालेला तो बरा तर्क होता.

पुढे तिसरा धागा तुटला. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. असे लेख, लेण्यांची रचना, अर्धवट सोडलेलं काम या सगळ्याचा मेळ घालत अभ्यासक पाचव्या शतकाकडे सरकले. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशकं अजिंठ्याला दिली. त्यांचं म्हणणं असं की, महायान काळातली, म्हणजे नंतरच्या टप्प्यातली, लेणी साधारण ४६० ते ४८० या वीसेक वर्षांतच कोरली आणि रंगवली गेली. लेणं पाचव्या शतकातलं ठरलं, की पुलकेशी त्यात असूच शकत नाही. तो गादीवर यायला अजून शंभराहून अधिक वर्षं आहेत. दुसऱ्या बाजूने डीटर श्लिंगलॉफ यांच्यासारख्या अभ्यासकांनी बौद्ध कथाग्रंथ समोर ठेवून चित्रांतले प्रसंग एकेक करून जुळवले. त्यात हे चित्र महासुदर्शन नावाच्या राजाच्या कथेशी जुळतं, असं पुढे आलं. आजूबाजूच्या भिंतींवर सगळ्या बौद्ध कथा असताना मधेच एका राजाच्या दरबाराची बातमी कशाला रंगवतील, हा प्रश्नही होताच.

आता तुमचा प्रश्न पुन्हा विचारून बघा. विश्वास कोणावर ठेवायचा? खरं तर इथे कोणावरच ठेवायचा नाही. जुनी ओळख कशावर टेकली होती आणि तो टेकू का निसटला, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. आणि नव्या मांडणीतही सगळं सारख्या वजनाचं नाही. हे लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. स्पिंक यांनी मात्र कुठल्या वर्षी कुठल्या लेण्यात काय काम झालं, इतकं बारीक वेळापत्रक मांडलं. ते अनेकांना पटत नाही. म्हणजे एकाच लेखकाचं एक विधान पक्क्या जमिनीवर आणि दुसरं निसरड्यावर असू शकतं. 'हा लेखक बरोबर की तो' या प्रश्नाला अशा वेळी उत्तरच नसतं.

आणखी एक. पुलकेशी गेला म्हणून ते परदेशी चेहरे पुसले गेले नाहीत. त्याच लेण्याच्या छतावर इराणी धाटणीच्या वेशातली, मद्यपान करणारी माणसं आहेत. पाचव्या शतकातल्या चित्रकाराला असे लोक माहीत होते, ही गोष्ट एका राजाच्या नावापेक्षा मला जास्त रंजक वाटते. तुम्ही वही ठेवत असाल तर तीत 'कोण बरोबर' लिहू नका. 'हे विधान कशावर टेकलं आहे' एवढं लिहा. दोन पुस्तकं भांडताना दिसली की ती नेमकी कुठल्या टेकूवर भांडतात ते शोधा. पुष्कळदा भांडण एका तारखेचं किंवा एका शब्दाच्या वाचनाचं निघतं आणि बाकी नव्वद पानांवर दोघांचं एकमत असतं.

पुतण्याच्या अजेंड्याकडे वळते. त्याला लोरेन्झो वाल्ला या इटालियन अभ्यासकाची हकिगत सांगा. रोमन सम्राट कॉन्स्टँटिनने पश्चिमेकडच्या प्रदेशाची सत्ता पोपला दान दिली, असं सांगणारा एक दस्तऐवज होता आणि पोपच्या राजकीय दाव्यांना त्याचा मोठा आधार होता. १४४० मध्ये वाल्लाने तो बनावट असल्याचं दाखवून दिलं. तेव्हा तो स्पेनमधल्या आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या पदरी होता आणि नेपल्सच्या गादीवरून या राजाचं पोपशी वाकडं होतं. यापेक्षा उघड अजेंडा काय असणार? पण त्याचा पुरावा भाषेचा होता. दस्तऐवजातली लॅटिन चौथ्या शतकातली नाही. रोमच्या अधिकाऱ्यांना त्यात 'क्षत्रप' म्हटलं आहे, जे त्या काळी कोणी म्हणत नसे. हा पुरावा राजाच्या स्वार्थाने खरा झाला नाही आणि खोटाही झाला नाही. तो दस्तऐवज बनावट आहे हे आज सगळे मानतात, आणि तो आठव्या शतकाच्या सुमाराला रचला गेला असं बहुतेकांचं मत आहे. गंमत म्हणजे पुढे हाच वाल्ला पोपच्याच दरबारात नोकरीला लागला.

दृष्टिकोन प्रत्येकाला असतो. पुतण्यालाही आहे, मलाही आहे. अजेंडा म्हटलं की पुरावा तपासायचं काम टळतं, आणि मला वाटतं म्हणूनच तो शब्द इतका लोकप्रिय आहे. शिवाय तो नेहमी आपल्याला न पटणाऱ्या लेखकालाच लावला जातो. पटणाऱ्या लेखकाला आपण 'निर्भीड' म्हणतो.

पुस्तक मात्र जरूर तपासावं, आणि त्यासाठी विषयातलं पांडित्य लागत नाही. संदर्भसूची उघडा. मूळ साधनं, म्हणजे शिलालेख, हस्तलिखितं, दफ्तरखान्यातले कागद, यांची वेगळी यादी आहे का? लेखक ज्या भाषेतल्या धर्मग्रंथावर लिहितो आहे ती भाषा त्याला येते, की सगळं भाषांतरांवर चाललं आहे? शिल्पांवरचं पुस्तक असेल तर लेखक त्यांच्यापुढे उभा राहिला होता का? ऋणनिर्देश वाचा, तिथे कुठली संग्रहालयं, कुठले ग्रंथसंग्रह पालथे घातले ते कळतं. विरोधी मत त्याने नीट, त्या मताच्या माणसालाही मान्य होईल असं मांडलं आहे, की त्याचं बुजगावणं करून झोडपलं आहे? ही शेवटची कसोटी माझी सगळ्यांत आवडती, कारण ती फसवत नाही. आणि ती आवडत्या लेखकाला आधी लावायची.

'बहुधा', 'शक्य आहे', 'सुमारे' या शब्दांवर पेन्सिलने खूण करा. चांगल्या अभ्यासकाच्या लिखाणात ते भिडस्तपणाने येत नाहीत. विधानाचं वजन तिथे ठरतं. बातमीत तेच शब्द पहिल्यांदा गळतात. बख्शाली हस्तलिखिताचं असंच झालं. पेशावरजवळच्या बख्शाली गावात १८८१ मध्ये सापडलेली भूर्जपत्रावरची ही गणिताची पोथी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि तीत शून्यासाठी टिंब वापरलं आहे. २०१७ मध्ये ग्रंथालयाने तिच्या तीन पानांची कार्बन चाचणी जाहीर केली. तीन पानांचे तीन वेगवेगळे काळ निघाले, शतकांचं अंतर असलेले. सर्वांत जुनं तिसऱ्या-चौथ्या शतकातलं. जगभर मथळे झळकले की शून्य आता कित्येक शतकं मागे गेलं. त्यावर गणिताच्या इतिहासकारांनी लगेच हरकत घेतली : हा मजकूर एकसंध ग्रंथासारखा चालतो, मग त्याची पानं शतकांच्या अंतराने कशी लिहिली जातील? आणि चाचणी झाडाच्या सालीचं वय सांगते, त्यावर शाई कधी उमटली ते नाही. त्या वर्षी फक्त मथळा वाचलेल्या माणसाला आपण अगदी ताजं ज्ञान मिळवलं असं वाटलं असेल.

म्हणून 'नवं' या गोष्टीचाही फार धाक बाळगू नका. संशोधनपर पुस्तकामागे सहसा दहा-दहा वर्षांचं काम असतं, छापण्यापूर्वी ते एखाद-दोन अनामिक तज्ज्ञांनी वाचलेलं असतं. तरी त्याची खरी परीक्षा प्रकाशनानंतर सुरू होते. नियतकालिकांत परीक्षणं यायला दोन-तीन वर्षं जातात. एखादं पुस्तक तुम्हाला हादरवून गेलं तर त्याची दोन परीक्षणं शोधा आणि टीका करणाऱ्यानेसुद्धा कुठली गोष्ट मान्य केली आहे, तेवढी टिपून घ्या. ती बहुतेक टिकणारी असते.

आता जाऊबाई.

तुम्ही म्हणालात, 'मूळ महाभारतात नाहीच.' तुम्ही ज्या आवृत्तीच्या आधारे बोललात ती आवृत्ती असं म्हणत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ मध्ये पुरं झालं. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. गडी मूळचा केंब्रिजला शिकलेला गणिती, आणि ते कामात दिसतं. वेगवेगळ्या लिप्यांतली, एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांतली बाराशेहून अधिक हस्तलिखितं या प्रकल्पात पाहिली गेली. ज्या मजकुरावर दूरदूरच्या शाखांचं एकमत, तो जुना. जो काही शाखांतच सापडतो, तो नंतर आलेला असण्याची शक्यता जास्त. एवढं करूनही सुकथनकरांचा दावा मर्यादित होता : उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितकं मागे जाता येईल तितकी जुनी संहिता. व्यासांच्या मुखातून निघालेलं महाभारत हाती आलं, असं ते कुठेही म्हणत नाहीत.

गणपतीच्या लेखनाची गोष्ट या संहितेत बसली नाही, कारण सगळ्या शाखांचा तिला सारखा आधार नाही. पण ती फेकली गेली नाही. ती परिशिष्टात छापली आहे आणि कुठल्या हस्तलिखितांत सापडते तेही तिथे नोंदलं आहे. सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा प्रसंगही मुख्य संहितेतून असाच बाजूला गेला. आता मला सांगा, गोष्ट उशिरा आली म्हणजे ती 'घुसडली', हे तुम्ही कशावरून ठरवलं? उशिराची ती खोटी आणि जुनी ती खरी, ही फूटपट्टी आवृत्तीत नाही. ती तुम्ही तिच्यावर ठेवलीत. इतिहासाचा अभ्यासक विचारतो : ही गोष्ट कधी दिसू लागते, कुठे दिसते, कोणाला तिची गरज वाटली असेल? या प्रश्नांची उत्तरं काहीही आली तरी जाऊबाई ती गोष्ट का सांगतात, याच्याशी त्यांचा संबंध नाही. खरं तर जाऊबाई त्या गोष्टीच्या इतिहासाचा आजचा टप्पा आहेत. धर्माचे अभ्यासक हल्ली ग्रंथांइतकंच सांगणाऱ्यांकडे, गाणाऱ्यांकडे, आजीच्या तोंडच्या आवृत्त्यांकडे लक्ष देतात. असा एखादा अभ्यासक त्या दिवशी तुमच्या घरी असता तर त्याने तुम्हाला 'जरा थांबा' म्हणून जाऊबाईंसमोर वही उघडली असती.

तेव्हा त्यांच्याकडे जा. वाचलं म्हणून माफी मागायची गरज नाही, पण मुलांच्या देखत तोडलं याची मागायला हरकत नाही. आणि 'मी जे बोलले ते पुस्तकातही तसं नव्हतं' हेही सांगा, कारण ते खरं आहे. मग विचारा, ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? तुमच्या आईच्या सांगण्यात गणपतीची अट काय होती आणि व्यासांनी उलट काय अट घातली? ऐकताना दुरुस्ती करू नका. पुढे कधी त्यांनीच विचारलं, 'तुझ्या पुस्तकात काय आहे गं?' तर परिशिष्टाची हकिगत सांगा. हस्तलिखितांचा हा शोध स्वतःच एक गोष्ट आहे आणि ती ऐकायला लोकांना आवडतं, फक्त दुसऱ्या कोणाची गोष्ट मध्येच कापून ती सुरू करू नये.

ज्यांना घरी अशी जाऊबाई नाही पण मित्रमंडळींच्या गप्पांत हाच अनुभव येतो, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. वाचलेला निष्कर्ष नेऊन समोर टाकू नका. तो निष्कर्ष ज्या प्रश्नातून निघाला, तो प्रश्न न्या.

राहिली हात जोडतानाची तळटीप. इथे मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. काही जणांच्या बाबतीत हे काही महिन्यांत निवतं आणि दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. काही जणांची श्रद्धा रूप बदलते. काहींची जाते. तुमचं काय होईल ते मला पत्रावरून कळणार नाही, आणि ते आत्ताच ठरवायची तुम्हालाही घाई नाही. सुकथनकरांचंच बघा. एकेका श्लोकाची इतकी निर्मम छाननी केलेल्या या माणसाने आयुष्याच्या अखेरीस, १९४२ मध्ये, महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं लिहिली. त्यांत ते या ग्रंथाकडे लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक अशा तीन पातळ्यांवर बघतात आणि त्या लिखाणात आदर ओसंडतो आहे. उलट बाजूचे, श्रद्धा नसलेले आणि तितकेच उत्तम अभ्यासकही आहेत. कोण कुठला हे त्यांच्या तळटीपांवरून ओळखता येत नाही, आणि ते तसंच असावं.

माझी एक शंका तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही लिहिता, 'तळटीप आठवते', पण कुठली, ते लिहीत नाही. ती लिहून काढा. तिच्यात एखादी तारीख असेल, तर तारखेने नमस्कार हलतो का, हे स्वतःला विचारा. पण तिच्यात एखाद्या परंपरेने कोणाला दारात उभं केलं नाही, कोणाचं नाव पुसलं, असं काही असेल, तर अस्वस्थता योग्य ठिकाणी आहे. ती पुस्तकाने लावलेली नाही आणि पुस्तक मिटून जाणारही नाही. या दोन तऱ्हेच्या अस्वस्थतेला एकच औषध चालत नाही.

'जुन्या, भरवशाच्या लेखकांपुरतंच' हा तुमचा पर्याय मला निम्मा आवडला. जुन्या पुस्तकांत डोळ्यांना खूप मिळतं. अजिंठ्याचंच उदाहरण घ्यायचं तर मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं बसून केलेल्या चित्रप्रतींपैकी बहुतेक १८६६ च्या लंडनमधल्या आगीत जळाल्या आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालच्या अनेक प्रती १८८५ च्या आगीत. भिंतींवरचे रंगही तेव्हापासून फिकट होत गेले आहेत. म्हणून जुन्या ग्रंथांतली छापील चित्रं आणि वर्णनं आजही उपयोगी पडतात. आता भिंतीवर नीट न दिसणारं तिथे दिसतं. पण भरवशाचं म्हणाल तर जुना लेखकही एकेकाळी नवाच होता आणि त्याच्यावरही लोक तुटून पडले होते. शिवाय त्याच्यापुढे नसलेली साधनं आज आहेत. इजिप्तमधल्या नाग हम्मादीची प्राचीन ख्रिस्ती हस्तलिखितं १९४५ मध्ये मिळाली, मृत समुद्राकाठच्या प्राचीन ज्यू ग्रंथांच्या गुंडाळ्या १९४७ पासून. खरोष्ठी या वायव्य भारतातल्या प्राचीन लिपीतल्या, जगातल्या सर्वांत जुन्या बौद्ध हस्तलिखितांत गणल्या जाणाऱ्या भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या ब्रिटिश लायब्ररीकडे १९९४ मध्ये आल्या. १९३० च्या पुस्तकाला यातलं काही ठाऊक असणं शक्य नाही, तो त्याचा दोष नव्हे. पाहण्यासाठी जुनं आणि वाद समजून घेण्यासाठी नवं, अशी जोडी लावून वाचा. एका विषयावरचं एक जुनं आणि एक नवं पुस्तक शेजारी ठेवलं तर दोन्ही सोपी होतात.

सोपी होण्यावरून तुमच्या पहिल्या अडचणीकडे येते. पहिलं प्रकरण डोक्यावरून जातं, कारण पुष्कळदा ते तुमच्यासाठी लिहिलेलंच नसतं. अशी बरीच पुस्तकं पीएचडीच्या प्रबंधातून वाढलेली असतात आणि त्यातलं सिद्धांताचं प्रकरण परीक्षकांसाठी, सहकाऱ्यांसाठी असतं : आपण कोणाच्या बाजूचे, कोणाच्या विरुद्ध, हे सांगायला. ते सोडून द्या. खुशाल. प्रस्तावनेच्या शेवटच्या काही पानांत बहुतेक लेखक 'पहिल्या प्रकरणात अमुक, दुसऱ्यात तमुक' असा आराखडा देतात. तो वाचा, मग सरळ उपसंहार वाचा. लेखक कुठे पोचला हे कळलं की तिथे तो कसा गेला ते बघायला मधलं एक प्रकरण निवडा. ज्यात एखादी मूर्ती, एखादं देऊळ, एखादी सनद, एखादा माणूस आहे, ते. ठोस वस्तूवर लिहिताना रुक्ष लेखकाचीही भाषा सुधारते. कलेवरचं पुस्तक असेल तर आधी फक्त चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी बघत जा. काळ, माध्यम, मापं, आज कुठे आहे, हे सगळं तिथे असतं. मागची सूचीही कामाची. एखादा विषय तिच्यात किती पानांवर येतो ते बघितलं की पुस्तक खरोखर कशाबद्दल आहे ते कळतं, मग मुखपृष्ठ काहीही म्हणो.

एक प्रकरण नीट वाचून पुस्तक परत केलंत तर ते वाचून झालं असं समजा. अभ्यासक स्वतः असंच वाचतात, फक्त बोलत नाहीत.

ज्यांच्या जवळच्या ग्रंथालयात अशी पुस्तकं येत नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवावं की संशोधनपर पुस्तकाची पहिली कापडी बांधणीची आवृत्ती मुख्यतः ग्रंथालयांसाठी असते, म्हणून ती महाग. कागदी बांधणीची पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांनी येते. थांबण्यात काही बिघडत नाही, तोवर परीक्षणंही आलेली असतात. आणि पुष्कळ काही अधिकृतपणे मोफत आहे. 'डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस बुक्स' या सूचीत विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांची, तज्ज्ञांनी तपासलेली हजारो पुस्तकं सापडतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने आपली कलाविषयक जुनी प्रकाशनं मोठ्या संख्येने वाचायला खुली केली आहेत. कलेच्या वाटेने आत शिरायचं असेल तर प्रदर्शनांच्या निमित्ताने काढलेले ग्रंथ मला सगळ्यांत सोयीचे वाटतात. ते अभ्यासकांनीच लिहिलेले असतात, पण समोर चालून आलेला प्रेक्षक धरून, त्यामुळे शब्दांचा भार कमी.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलं आहे की तळटीपा वाचायच्या की सोडायच्या. वाचताना दर दोन ओळींनी खाली उतरू नका, त्याने धागा तुटतो. प्रकरण संपल्यावर त्याच्या सगळ्या टीपा एकदम वाचा. पुस्तकाच्या शेवटी असतील तर तिथे दुसरी खूण घालून ठेवा. नुसतं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा असलेल्या टीपांवरून नजर फिरवून पुढे जा. लांबट टीपेशी थांबा. लेखकाला जे मुख्य मजकुरात सांगायला संकोच वाटला, ते तो तिथे बोलतो. आणि एकाच अभ्यासकाचं नाव पुन्हा पुन्हा येऊन लेखक त्याच्याशी हुज्जत घालताना दिसला, तर ते नाव लिहून घ्या आणि ग्रंथालयात पुढच्या वेळी त्याचं पुस्तक मागा.